दैवशालाच्या मेंदूची राखणदारीण

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही, कारण मी एका बाईच्या मेंदूत राहते. मी एक जुनी राखणदार पेशी आहे. जुनी म्हणजे किती? दैवशाला आईच्या पोटात होती, तेव्हाच माझ्या घराण्यानं इथं मुक्काम ठोकला. रक्तातल्या पेशी रोगाशी लढतात, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. मेंदूची राखण मात्र आम्ही करतो आणि आमचं कुणी नावही घेत नाही. याचा मला जरा रागच आहे.

काम काय विचारता! मेलेल्या पेशी उचलायच्या, कचरा झाडायचा, जंतू दिसला की खवळून उठायचं आणि तो संपला की गुमान शांत व्हायचं. हे शांत होणं सगळ्यात अवघड. दैवशाला लहान होती तेव्हा मी तिच्या मेंदूत पेशींना पेशी जोडणारे नको ते धागे छाटले, हवे ते राखले. पोरगी अशी हुशार निघाली की कुंभार पिंपळगावात बारसं असलं की बाया म्हणायच्या, "पाळणा म्हणायला दैवशालालाच बोलवा." सगळी कडवी तिला तोंडपाठ. मला कोण आनंद व्हायचा!

लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर, भिवाबरोबर, ऊसतोडीला जाऊ लागली. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. तो ऊस तोडायचा, ती मोळ्या डोक्यावर वाहायची. संध्याकाळी दोघांचंही अंग मोडून यायचं. भिवा अंगदुखीवर दारू घ्यायचा. माणूस वाईट नव्हता हो! एकट्यानं घ्यायची त्याला लाज वाटायची. तो दोन पेले शेजारी ठेवून, वाकून वाकून पाहत ओतायचा.

"कोयता दोघांचा हाय, मंग ही बी दोघांची. घे, बराबर अर्धी."

"मला वासच सहन व्हत न्हाई."

"औषध समजून घे. कंबर धरलीय ना?"

तिनं घेतली. कंबरदुखी थांबली आणि सवय लागली.

वाटणी बराबर होती, पण शरीरं बराबर नव्हती. बाईच्या अंगात पाणी कमी असतं, म्हणून तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त कडक होते. ती माझ्यापर्यंत पोचली की मी खवळायची. रोजच शत्रू दारात, शांत व्हायला सवडच मिळेना. शेवटी त्या भरात चांगले धागेही कुरतडले गेले. भिवाच्या डोक्यातही माझ्या जातीच्या पेशी आहेत, त्याही भडकतातच. पण बाईच्या मेंदूतल्या आम्ही दारूनं जास्त पेटतो, असं शास्त्रज्ञांना बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. मलाही कळत नाही, नुसतं रडू येतं.

मग दैवशालाच्या भावाला, कल्याणला, मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. वहिनीनं बारशाच्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं, 'आकांक्षा'. दैवशाला कामं करता करता ते घोकत होती. त्या दिवशी तिनं थेंबही घेतला नव्हता. ती पाळण्यात वाकली, "कुर्र" म्हणाली आणि नाव गेलं. मी वेड्यासारखी शोधत होते, पण धागाच तुटलेला. पाठीत धपाटे घालायला बाया हात उगारून थांबल्या होत्या.

"नाव काय गं?" तिनं वहिनीला विचारलं.

बाया फिदीफिदी हसल्या. शेजारची नंदाबाई म्हणाली, "टाकून आलीय वाटतं."

"न्हाई वो! लेकरावर हात ठिवून सांगते."

ती हात ठेवायला गेली, तर कल्याणनं बाळ उचलून बाजूला नेलं.

भिवाला राहवलं नाही. "ती माझ्याइतकीच पेती. थेंबभर जास्त न्हाई!"

"मंग तुला कसं काई झालं न्हाई?" नंदाबाई म्हणाली. "चोरून पेत असंल."

घरी जाताना भिवानंही विचारलं, "खरंच चोरून घेती का गं?" पाळण्याजवळ तिनं डोळे कोरडे ठेवले होते, वाटेत मात्र तिला हुंदका आवरला नाही.

पुढं जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर साजिया मॅडमनी दोघांना समोर बसवलं. "या खोटं बोलत नाहीत. दोघांनी सारखी घेतली तरी बाईच्या मेंदूला जास्त लागते."

"मी तर वाकून बघून वतली, मॅडम," भिवा म्हणाला. "हिला कमी पडू नये म्हणून." आणि तो टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

दोघांनी औषधपाणी करून दारू सोडली. मी हळूहळू निवले. काही धागे परत जुळले, पुष्कळ जुळले नाहीत. भिवानं सगळं सांगितल्यावर कल्याण बहिणीच्या पाया पडला. त्याची मुलगी आता शाळेत जाते. अंगणात आली की आत्याला काही विचारायच्या आधी ती स्वतःच सांगते, "आत्या, मी आकांक्षा." रोज सांगते. दैवशाला रोज म्हणते, "किती गोड नाव गं, कुणी ठिवलं?"

मित्रांनो, दारूला औषध म्हणू नका. आणि घरात अशी कुणी आत्या, मावशी असेल, तर "ओळखलं का?" म्हणून तिची परीक्षा घेऊ नका. आधी आपलं नाव सांगा आणि तिच्याजवळ बसा.