फक्कीची रिंगणं

साक्रीच्या अलीकडं माळावर नूतननं जेसीबीची घरघर ऐकली. मशीन तर उद्या येणार होतं! तिनं स्कूटी तशीच काट्यांत घातली.

देवपूरच्या कॉलेजात शिकवणारी ही बाई तीन उन्हाळे या माळावर करपत होती, ते एका बोटभर सरड्यापायी. वैशाखात नर दगडावर चढतो, गळ्याचा निळा पंखा उघडून मादीपुढं मिरवतो. मिरवून झालं की हा मोकळा! मादी बिचारी तळपत्या उन्हात भोक उकरते, अंडी घालते, वर माती लोटून नाकाडानं ठोकून ठोकून बसवते. मग ते घरटं शोधून दाखवा! नूतनला साऱ्या माळावर सातच सापडली होती. इथं आता सोलरचे खांब येणार. सोलर कंपनीच्या साहेबाच्या हातापाया पडून तिनं कबूल करून घेतलं होतं, पिल्लं निघेपर्यंत घरट्यांना धक्का लावायचा नाही. ओळखू यावीत म्हणून परवा तिनं स्वतःच भोवती चुन्याच्या पांढऱ्या फक्कीची रिंगणं मारली.

जेसीबीवरून चुडामण ड्रायव्हर उतरला, घाम पुसत, खुशीत.

"ताई, फक्की तुम्हीच मारेल शे ना? बठ्ठा खड्डा बराबर फक्कीवरच शेतस. एक बी चुकना नही!"

पाया असो की विहीर, फक्की दिसली की तिथं खणायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि एवढ्या शिकलेल्या बाईला ते सुचलं नव्हतं. साहेबानंही याला काही सांगितलं नव्हतं. ती खड्ड्यांकडं धावली. एक, दोन, तीन... सहा. ढिगाऱ्यात फाटलेली मऊ टरफलं, मातीत कालवलेला बलक. रडू काही आवरेना मेलं.

आणि सातवं? त्याच्यापाशी फक्की संपली होती. काल दिवसभर तिनं त्यापायी स्वतःला शिव्या घातल्या होत्या. बाभळीपासून नऊ पावलं मोजून ती गुडघ्यांवर बसली. माती ठोकून बसवलेली, जशीच्या तशी.

चुडामण मागोमाग आला. "आखो कोठे फक्की शे का, ताई?"

नूतननं घरट्याला लागून उन्हातच फतकल मारली.

"नाही, भाऊ. इथं काहीसुद्धा नाही," ती म्हणाली. "मशीन त्या बाजूनं न्या."

आणि मशीन दिसेनासं होईपर्यंत ती जागची हलली नाही.