मोडलेलं सरळ करू नये

विमा कंपनीचा तपासनीस यायच्या दिवशी सकाळी थोरल्याने धाकट्याचा उजवा हात पान्याने मोडला. कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मधोमध.

तर असं काहीही झालं नाही. धाकटा साधा घसरलासुद्धा नाही. हे वहिनीने ठरवलं होतं, आणि वहिनीने एकदा ठरवलं की घडून गेलेल्या गोष्टींनीही मुकाट्याने माघार घ्यावी, अशी त्या गॅरेजची पद्धत होती.

जे झालं नाही ते का झालं, हे मात्र सांगायला हवं.

गॅरेज दोघा भावांचं. थोरला ठोकायचा, धाकटा जोडायचा. थोरला म्हणजे डेंटिंग, धाकटा म्हणजे वेल्डिंग आणि थोरल्याची बायको म्हणजे बाकी सगळं. ठोकलेल्या गाड्या दारात यायच्या त्यातल्या बहुतेक एकाच विमा कंपनीच्या. त्या कंपनीने अचानक जाहीर केलं की यापुढे आमची गाडी फक्त मान्यताप्राप्त गॅरेजात जाईल, आणि मान्यता हवी तर ही मानकं पाळा. सोबत जाडजूड पुस्तक. धाकट्याने ते दोनदा वाचलं. थोरल्याने ते कॉम्प्रेसरच्या डगमगणाऱ्या पायाखाली सरकवलं आणि पुस्तक उपयोगी असल्याचं मान्य केलं.

मान्यता नाही मिळाली तर शटर खाली ओढायचं आणि घरी जायचं, एवढा सरळ हिशोब होता. धाकट्याला वेल्डिंगशिवाय काही येत नव्हतं. एकदा त्याने चहा केला होता. तो अजून कुणी विसरलेलं नाही.

पुस्तकातल्या एका नियमाने त्याची झोप उडवली होती. मजबूत पोलादाचा भाग वाकला, तर तो तापवून, ठोकून सरळ करू नये. कापून काढावा, नवा बसवावा. आणि थोरल्याचा सगळा जन्मच ठोकून सरळ करण्यात गेलेला. त्याच्याकडे बाबांचा हातोडा होता. बाबांनी त्या हातोड्याने एकदा अख्खी बस सरळ केली होती. काही जण सांगत, ड्रायव्हरसुद्धा. दारात परका माणूस दिसला की थोरला तो हातोडा उचलून काहीतरी ठोकून दाखवायचाच.

"दादा, उद्या हातोडा बाहेर दिसायला नको," आदल्या दिवशी धाकटा म्हणाला.

"मग काय दिसायला पाहिजे? तुझं थोबाड?"

हातोडा लपवण्यात अर्थ नव्हता. पूर्वी लपवून पाहिला होता. वासरू गाय शोधतं तसा थोरला तो शोधून काढायचा. म्हणून थोरला एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला गेला, तेवढ्यात धाकट्याने हातोड्याचं डोकं लोखंडी टेबलाला वेल्ड करून टाकलं. रागाने केलेलं काम कच्चं राहतं म्हणतात. धाकट्याचा राग आणि धाकट्याचं काम यांची मात्र आपसात ओळखच नव्हती. त्याने आधी दोन्ही लोखंडं सावकाश तापवली, कडेने बारीक टाके घातले आणि तडा जाऊ नये म्हणून वर राख पसरून जोड हळूहळू निवू दिला. बाळाला दुलई पांघरावी तसा.

सकाळी थोरल्याने येऊन हातोड्याला हात घातला. हातोडा आला नाही. त्याने जोर लावला तेव्हा टेबल आलं.

"हे काय आहे?"

"मान्यता," धाकटा म्हणाला.

थोरल्याची पहिली मूठ धाकट्याच्या ओठावर बसली आणि ओठाचे दोन झाले. दुसरी पोटात. धाकट्याने वाकल्या वाकल्या प्रायमरचा भरलेला डबा थोरल्याच्या गुडघ्यावर घातला, थोरला खाली आला, आणि आला तो धाकट्याचे केस धरूनच. दोघे लोळत लोळत लिफ्टवर चढवलेल्या गाडीखालून गेले. गाडीखाली धाकट्याने थोरल्याचा कान दातात धरला. पलीकडे बाहेर आले तेव्हा कान थोडा मागे राहिला होता.

"कान चावतोस? बायका चावतात तसा?"

"वहिनी चावतात?" धाकट्याने तोंडातलं थुंकून विचारलं.

हा प्रश्न नको होता. थोरल्याने हाताला लागेल ते उचललं. लागला तो मोठा पाना. धाकट्याने तोंड वाचवायला हात वर केला, आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. धाकट्याने हाताकडे पाहिलं. हाताला एक सांधा जास्तीचा आला होता.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. सभ्य, आखूड. तपासनीस.

वहिनी केबिनमधून बाहेर आली. तिने नवरा पाहिला, दीर पाहिला, जमीन पाहिली.

"वर्षभरात गॅरेजात दुर्घटना घडलेली नसावी," ती म्हणाली. "पुस्तकात आहे ना, भाऊजी?"

"आहे. पण वहिनी, हाड—"

"हाड बाहेर दिसतंय का?"

"नाही."

"मग."

तिने त्याची बाही खाली ओढून मनगटापाशी बटण लावलं. धाकट्याच्या डोळ्यांपुढे वेल्डिंगशिवायच ठिणग्या उडाल्या. नवऱ्याचा उरलेला कान तिने टोपीखाली कोंबला, दोघांची तोंडं थिनरच्या फडक्याने पुसली आणि फाटक उघडलं.

तपासनीस बारीक आणि नम्र होता. पाऊल वाजलं तर दंड बसेल अशा बेताने चालायचा. त्याने पेंट बूथ पाहिला, मापं घ्यायचं यंत्र पाहिलं. मग जमिनीवरच्या थेंबांपाशी थांबला.

"हा लाल कुठल्या गाडीचा?"

"ते मॉडेल बंद झालं," वहिनी म्हणाली.

त्याने मान डोलावली. "आता वेल्डिंगची चाचणी. वेल्डर कोण?"

चाचणी साधी होती. दोन पट्ट्या जोडायच्या, एक शिकंज्यात धरायची आणि दुसरी ओढून फाडायची. पत्रा फाटला पाहिजे, जोड सुटता कामा नये. धाकटा असे जोड झोपेत करायचा. त्याने डाव्या हातात गन घेतली.

"डाव्या हाताने?" तपासनिसाने विचारलं.

"डावखुरा आहे," थोरला म्हणाला.

"कधीपासून?" असं कुणी विचारलं नाही, हे बरं झालं.

डावा हात दारू प्यायल्यासारखा चालला. उजवा बाहीत सुजून बाही घट्ट होत होती, प्रत्येक ठोक्याला आतून कुणी खिळा मारल्यासारखं. तपासनिसाने पकडीने पट्टी ओढली. जोड पाकिटासारखा अलगद उघडला. आवाजसुद्धा झाला नाही.

तपासनिसाने पेन काढलं. धाकट्याला त्या पेनाच्या टोकाशी खाली येणारं शटर दिसलं.

"साहेब, थांबा," थोरला म्हणाला. बोलताना तो धाकट्याकडे बघत नव्हता. "ते टेबल बघा."

तपासनिसाने वाकून पाहिलं. जोडावरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"ह्यानेच. काल." थोरल्याला हे बोलणं कान तुटण्यापेक्षा जड गेलं. "काल ह्याचं कामात मन होतं."

"पण हातोडा टेबलाला का जोडलाय?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने वहिनीकडे.

"चोऱ्या फार होतात," वहिनी म्हणाली.

तपासनिसाने विचार केला. "हातोड्याचं पोलाद असं धरत नाही सहसा. ओढून बघू."

चॅसी ओढायच्या मशीनची साखळी हातोड्याला अडकवली. टेबल जमिनीला बोल्टने आवळलं. थोरला पंपाशी उभा राहिला, साखळीच्या सरळ रेषेत.

"साखळीच्या रेषेत कुणी उभं राहू नये," तपासनीस म्हणाला. "मानकांत आहे."

"आमचे बाबा इथेच उभे राहायचे."

"आता कुठे असतात?"

"वारले."

थोरला पंप मारू लागला. साखळी ताठ झाली, मग गायला लागली. धाकट्याचे डोळे जोडावर होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, दादाने ओढावं, अजून ओढावं. टेबल कण्हलं. मग टेबलाचा पत्रा कापडासारखा टर्रकन फाटला आणि बाबांचा हातोडा उडाला तो सरळ घरच्या माणसाकडे. थोरल्याच्या बरगडीवर बसला. आत दोन-तीन गोष्टी एकामागोमाग मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. थोरला उलट्या पावली जाऊन जुन्या बंपरांच्या ढिगात पडला. साखळीचं सुटं टोक भिंतीवरच्या आरशाला जाऊन लागलं. आरसा काही कर्मचारी नव्हता, त्यामुळे त्याच्याबद्दल पुढे कुणी विचारलं नाही.

तपासनीस वळेपर्यंत थोरला पुन्हा उभा होता.

"तुम्हाला लागलं का?"

"कुणाला?" थोरल्याने विचारलं. त्याच्या ओठांवर एक लाल बुडबुडा आला आणि फुटला.

तपासनिसाने हातोडा उचलला. त्याच्या डोक्याला तळहाताएवढा पत्रा चिकटलेला होता. टेबलाला तेवढंच भोक. त्याने दोन्हींची मापं घेतली.

"पत्रा फाटला, जोड शाबूत. उत्तीर्ण." पेन वर राहिलं. "वर्षभरात दुर्घटना?"

त्याने थोरल्याच्या टोपीखालून ओघळणारी रेघ पाहिली. धाकट्याची फुगलेली बाही पाहिली.

"नाही," तिघे म्हणाले.

"माणसांची तपासणी माझ्याकडे नसते," तपासनीस म्हणाला आणि लिहिलं: नाही.

तो गेल्यावर धाकटा बसला म्हणजे कोसळला. डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. डॉक्टर विचारणार, कुठे लागलं. आणि भावांचा विमाही त्याच कंपनीचा.

"ये इकडे," थोरला म्हणाला. त्याने धाकट्याचा दंड बेंचच्या क्लॅम्पमध्ये फडकं गुंडाळून आवळला आणि मनगट स्वतःच्या दोन्ही हातांत धरलं. "ज्या दिशेने मार, त्याच्या उलट ओढायचं."

"मार तूच दिलास. दिशा लक्षात आहे ना?"

"तोंडपाठ."

वहिनीने कॉम्प्रेसर सुरू केला, म्हणजे शेजारी ऐकू जायला नको. थोरल्याने ओढलं. धाकटा ओरडला. ओढताना बरगड्या एकमेकींवर घासल्या म्हणून थोरलाही ओरडला. थांबून श्वास घेतला, परत ओढलं, परत दोघे ओरडले. इतकं एकमत त्यांच्यात लहानपणापासून झालं नव्हतं. शेवटी खटकन आवाज झाला आणि धाकटा ओकला, थोरल्याच्या बुटांवर. थोरल्याने एक डोळा मिटून, गाडीचं दार बघतो तसा हात बघितला.

"लाइन आली. जरासं राहिलंय, ते पुट्टीत भरून निघेल."

बंपरच्या दोन पट्ट्या लावून वर मास्किंग टेप गुंडाळली.

मान्यतेची पाटी आता दारावर आहे. गाड्या येतात. थोरला हसत नाही. पूर्वीही हसत नव्हता, पण आता दुखतं म्हणून हसत नाही. हातोडा तो पत्र्यासकट वापरतो. धाकट्याचा हात जुळला, पण जरासा राहिला होता तो राहिलाच. त्या हाताने गिऱ्हाइकाला समोरची खुर्ची दाखवली की गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत जाऊन बसतं. वेल्डची रेघ सरळ येत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी आहे. म्हणून त्याने पुस्तक कॉम्प्रेसरखालून ओढून काढलं आणि डाव्या हाताने कंपनीला अर्ज लिहिला:

"महोदय, आपल्या मानकांनुसार वाकलेला मजबूत भाग ओढून अथवा ठोकून सरळ करू नये, बदलावा. अर्जदाराचा उजवा हात या नियमाचा भंग करून सरळ करण्यात आला असून तो भंग आपल्याच मान्यताप्राप्त गॅरेजात झाला आहे. तरी सदर हात काढून त्या जागी मूळ बनावटीचा नवीन हात बसवून मिळावा. ज्या दुर्घटनेत तो मोडला ती घडलेली नसल्याने तिचा तपशील मागू नये. आणि काम पूर्ण होईपर्यंत, आपण गाडीच्या बाबतीत देता त्याप्रमाणे, अर्जदारास तात्पुरता बदली हात वापरण्यास द्यावा, ही नम्र विनंती."