खोलीभर आवाज

मित्रांनो, मला पाहून तुम्ही जुना रेडिओ म्हणाल. पुष्कळ जण तसं म्हणतात. सागवानी पेटी, पुढे विटलेलं बदामी कापड, एक मोठं बटण आणि एक लहान. पण मला बातम्या येत नाहीत की गाणी येत नाहीत. माझ्या पोटात माझं स्वतःचं असं काहीच नाही. कुणी गिटारची तार छेडली की तिची नाजूक किणकिण घ्यायची आणि ती माणसांना ऐकू जाईल इतकी मोठी करायची, एवढंच माझं काम. मी व्हॉल्व्हवर, म्हणजे तापल्यावर उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे.

माझा जन्म ग्वाल्हेरचा, किला गेटजवळच्या एका रेडिओदुरुस्तीच्या दुकानातला. दुकान मधुसूदनचं. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या देवळाची पूजाअर्चा चालत आलेली. याला मात्र लहानपणापासून तारा जोडायचं वेड. वडील म्हणायचे, "देवापुढची घंटा सोडून ही कसली खुडबुड?" तो हसायचा आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागायचा.

तेव्हा निवडणुकांच्या सभा नव्याने सुरू झाल्या होत्या. जो तो मोठा आवाज मागायचा. मधुसूदन भोंगे जोडायचे मोठे अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा आणि ते लगेच उचलले जायचे. मला मात्र त्याने कुणाच्या सांगण्यावरून बनवलं नाही. मोडक्या ग्रामोफोनचा स्पीकर, स्वतः हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, इकडून तिकडून जमवलेले चार व्हॉल्व्ह. सुताराकडून पेटी करून आणली आणि आत मला बसवलं. मग मी फळीवर बसून राहिलो. लोक यायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "ये छोटावाला किस काम का?"

त्याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

एके दिवशी जगदेवराव आणि त्यांच्या पत्नी विजयाबाई दुकानात आले. त्यांच्याबरोबर कापडात गुंडाळलेली एक गिटार होती, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची, तिला हवाईयन गिटार म्हणतात. जगदेवरावांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हांला कळायचं नाही.

जगदेवराव संस्थानच्या फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. दसऱ्याच्या मिरवणुकीत बँड निघाला की त्यांचा सूर सगळ्यांत वर ऐकू यायचा. पुढे संस्थान भारतात विलीन झालं, ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्यभारत झाला. मग फौजेची पुनर्रचना निघाली. बँडमधले काही जण नव्या सैन्यात जाणार होते, बाकीच्यांना घरी पाठवणार होते. कोण जाणार ते बँडमास्तरांनी सुचवायचं होतं. बँडमास्तर होते संभाजीराव. जगदेवरावांनी त्यांच्या हाताखाली उमेदीची सगळी वर्षं काढली होती. परेडच्या मैदानावर नावं वाचली गेली आणि जगदेवरावांचं नाव त्यांत आलं नाही.

ते घरी आले आणि त्यांनी कॉर्नेट ट्रंकेत टाकलं. जगदेवरावांचं घर शिंदे की छावनी या वस्तीत होतं, आणि संभाजीरावही तिथेच राहायचे, त्याच गल्लीत. रोज समोरासमोर गाठ पडायची. जगदेवराव मान वळवून निघून जायचे. त्यांची मुलगी लीला लहान होती, तिलाही सांगून ठेवलं होतं की मास्तरांच्या घरी जायचं नाही.

ही गिटार रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांनी बदली होऊन जाताना त्यांना दिली होती. जगदेवरावांनी ती सहज मांडीवर घेतली आणि तारेवरून कांडी सरकवली. एक सूर निघाला आणि तुटेल तुटेल म्हणताना लांबतच गेला. छातीला त्याचा काही ताण नव्हता. त्या दिवशी ते जेवायचं विसरले, असं विजयाबाई नंतर सगळ्यांना सांगायच्या. पण त्या गिटारचा आवाज आपल्यापुरताच होता. पलीकडच्या माणसाला ऐकू जायचा तर मध्ये अ‍ॅम्प्लिफायर हवा होता.

"रावसाहेब, मोठा घ्या," मधुसूदन म्हणाला. "लग्न असो, गणपती असो, सगळीकडे चालेल."

त्याने मोठ्याला तार जोडली. जगदेवरावांनी वाजवायला सुरुवात केली. दुकानाची कपाटं थरथरली.

"हळू करा हो," विजयाबाई म्हणाल्या. "घरात वाजवायचं आहे. दोन खोल्या आहेत आमच्या, मैदान नाही."

मधुसूदनने बटण फिरवून आवाज अगदी खाली आणला. पण खाली येताच मोठ्याचा जीवच गेला. तोंडावर पदर धरून कुणी बोलावं तसा सूर येऊ लागला. त्याला ओरडायची सवय होती, बोलायची नव्हती.

"आणि तो?" जगदेवरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला खाली उतरवलं, धूळ पुसली, तार जोडली. जगदेवरावांनी तीच चीज हळूच वाजवली. मित्रांनो, माझ्यातून पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून वाजवलं होतं. मी काही वेगळं केलं नाही. त्यांनी हलकेच छेडलं तेव्हा हलकेच बोललो, जोर लावला तेव्हा माझा गळा जरासा घोगरा झाला. तिथेच ते थांबले. पुन्हा जोर लावला, पुन्हा तो घोगरेपणा ऐकला.

"अगं, ऐकलंस? याला तर फुंक आहे," ते बायकोला म्हणाले.

"ते ठीक आहे, पण उद्या कुणी बोलावलं तर मांडवात पुरेल का?" विजयाबाईंनी मधुसूदनला विचारलं.

तो खोटं बोलला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "नाही वहिनी. मांडवात नाही पुरणार. खोलीभर माणसं असतील, शांत बसली असतील, तर पुरेल. याच्यावर जबरदस्ती केली तर आवाज फाटेल. आत्ताच सांगून ठेवतो, मागाहून मला बोल लावू नका."

विजयाबाई मोठ्याकडे वळल्या होत्या. जगदेवराव मात्र माझ्यासमोरून हलले नाहीत.

"मैदानातलं वाजवून झालं आता," ते म्हणाले. "खोलीभर पुरे."

असा मी छावनीत आलो. सकाळी खिडकीशी बसून ते सराव करायचे. लीला माझ्या पेटीला पाठ टेकून बसायची. म्हणायची, "बाबा, पाठीत गुदगुल्या होतात."

कधीकधी गल्लीतून काठीचा आवाज यायचा आणि आमच्या खिडकीपाशी आला की बंद व्हायचा. ती संभाजीरावांची काठी होती. जगदेवराव वाजवणं थांबवायचे. मग काठी पुढे निघून जायची.

पहिला कार्यक्रम एका ओळखीच्या घरी होता, साखरपुड्याचा. संध्याकाळची वेळ, अंगणात सतरंज्या अंथरलेल्या. माणसं अपेक्षेहून फार जास्त आली. त्यांत बिजलीचा दाब अगदी कमी, म्हणून माझा जोरही कमी. मला जमिनीवर, जगदेवरावांच्या पायांशी ठेवलं होतं. त्यांनी वाजवायला घेतलं आणि माझा आवाज पहिल्या रांगेतल्या बायकांच्या साड्यांतच अडकला. मागे गप्पा चालू होत्या, कपबश्या वाजत होत्या.

"भाईसाहब, कुछ सुनाई नहीं दे रहा!" मागून कुणी ओरडलं.

जगदेवरावांनी माझं बटण वाढवलं. तरीही पुरेना. आणखी वाढवलं. मग त्यांनी घाईत ते शेवटपर्यंत फिरवलं. मधुसूदनने सांगितलं होतं तेच झालं, माझा आवाज फाटला. मुलं हसली.

"अरे भई, रेकॉर्ड लगवा दो कोई," दुसरा एक जण म्हणाला, आणि यजमानांचा भाऊ खरोखरच ग्रामोफोन आणायला उठला.

जगदेवरावांनी तारेवरची कांडी उचलली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होते. परेडच्या मैदानावरही ते हात असेच लोंबले असतील.

तेवढ्यात काठी वाजली. पाहुण्यांत संभाजीरावही होते, ते माणसांतून वाट काढत पुढे आले. काठी सतरंजीवर टाकली, वाकले आणि मला दोन्ही हातांनी उचललं. त्यांना दम लागला होता. त्यांनी मला अंगणाच्या कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर ठेवलं, जिथे दोन भिंती मिळतात. पेटीखाली पुढच्या बाजूने घडी केलेला रुमाल सरकवला, तेव्हा माझं तोंड जरा वर झालं. बटण मागे फिरवून अर्ध्यावर आणलं.

"आवाज लोकांच्या पायांशी ठेवलास," ते म्हणाले. "कानांशी ठेव. वाजव आता."

कित्येक वर्षांनी ते दोघे एकमेकांशी बोलत होते.

 संभाजीराव श्रोत्यांकडे वळून उभे राहिले आणि परेडवरच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "ज्यांना बोलायचं असेल त्यांनी बाहेर ओट्यावर जावं. इथे वाजवणं चाललं आहे."

कुणीही ओट्यावर गेलं नाही. जगदेवरावांनी डोळे मिटून सुरुवात केली. दोन्ही भिंतींनी माझा आवाज झेलला आणि पुढे ढकलला. मी ओरडलो नाही, तरी दारापर्यंत पोचलो. एक संपल्यावर लोकांनी दुसरं मागितलं. ग्रामोफोन आणायला गेलेला माणूस तो हातात धरून दारातच उभा राहिला.

कार्यक्रम संपल्यावर मला ओट्यावर ठेवलं होतं. टांगा यायचा होता. माझ्या एका बाजूला जगदेवराव बसले, दुसऱ्या बाजूला संभाजीराव.  मग जगदेवरावांनी विचारलं.

"मास्तरसाहेब, तेव्हा माझं नाव का नाही दिलंत?"

संभाजीरावांनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "तुझी फुंक मध्येच तुटत होती. वरच्या सुरावर तू श्वास चोरायचास. मला दिसायचं."

"बाकी कुणाला दिसत नव्हतं."

"मी बाकी कुणी नव्हतो, बँडमास्तर होतो. आज पुन्हा विचारलं तरी तुझं नाव देणार नाही."

मला वाटलं, संपलं आता. जगदेवराव उठतील आणि चालत निघून जातील. त्यांचा हात माझ्या पेटीवर होता, तो घट्ट झाला. मग हळूहळू सैल पडला.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुमच्याही आधीपासून. रोज भीती वाटायची, आज तुटेल, आज सगळ्यांना कळेल. तुम्ही नाव गाळलंत तेव्हा राग आला, पण ती भीती गेली. म्हणून राग जास्त आला."

 टांगा आला तेव्हा संभाजीरावांनी मला एका बाजूने धरलं, जगदेवरावांनी दुसऱ्या. चढवताना संभाजीराव एवढंच म्हणाले, "पुढचा कार्यक्रम असेल तिथली जागा मला आधी दाखव. कुठेही नेऊन ठेवतोस याला."

त्यानंतर माझे चांगले दिवस सुरू झाले. दर कार्यक्रमाआधी संभाजीराव खोलीत जायचे, टाळी वाजवून ऐकायचे आणि माझी जागा ठरवायचे. मग मध्यभारतही गेला. नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांत नोकरी करणारी कितीतरी मराठी घरं सामान बांधू लागली. त्या हिवाळ्यात घरोघरी निरोपाच्या बैठका झाल्या आणि बहुतेक ठिकाणी आम्हांला बोलावणं होतं. निम्मं सामान पेट्यांत बांधलेलं, भिंतींवर तसबिरींचे चौकोन उरलेले, अशा रिकाम्या खोल्यांत मी वाजलो. रिकाम्या खोलीत आवाज फार घुमतो. संभाजीराव माझ्यासमोर गुंडाळलेली गादी उभी करायचे आणि म्हणायचे, "हं, आता माणसांसारखं वाटतंय."

मधुसूदनही भोपाळला गेला. जाताना जादा व्हॉल्व्ह देऊन गेला आणि लीलाला माझी निगा कशी राखायची ते शिकवून गेला. गरम असताना हलवायचं नाही. मागची जाळी झाकायची नाही. स्पीकरची तार सुटली असेल तर चालू करायचं नाही.

मग संभाजीराव आजारी पडले. जगदेवराव मला रोज सकाळी त्यांच्या खोलीत न्यायचे. ऐकणारा एकटाच. संभाजीराव पडल्या पडल्या बोटाने खूण करायचे, अजून हळू. जगदेवराव बटण कमी करायचे. अजून हळू. आता तर भिंतीवरच्या घड्याळाचा आवाजही माझ्याहून मोठा वाटायचा. इतक्या हळू मी कधीच वाजलो नव्हतो, आणि इतकं लक्ष देऊन मला कुणी ऐकलंही नव्हतं. एका सकाळी बोट हललं नाही. जगदेवरावांनी ती चीज पूर्ण केली आणि मग घरच्यांना हाक मारली.

पुढची वर्षं लवकर गेली. जगदेवरावांची बोटं आखडली आणि ते गेले, त्यांच्यामागून विजयाबाईही. लीलाची लीलाताई झाली. ती मला ग्वाल्हेरच्याच हरिशंकरपुरम वस्तीत आपल्या घरी घेऊन आली. गिटारची मान केव्हाच मोडली होती. दर दसऱ्याला ती माझी पूजा करायची, मला थोडा वेळ चालू ठेवायची आणि पुन्हा झाकून टाकायची. मग तिचे गुडघे दुखू लागले आणि माझ्यावर चादरी, उशा, जुने स्वेटर साचत गेले. राग नाही माझा. घरात माणसांनाच जागा पुरत नाही.

गेल्या दिवाळीआधी सूनबाईंनी सफाई काढली आणि मला दारात आणलं. भंगार विकत घेणारा कबाडीवाला तराजू घेऊन उभा होता.

"आई, हा चालतच नाही," सूनबाई म्हणाल्या. "मी लावून बघितला ना."

"किती वेळ लावलास?"

"लावला. काही आवाज नाही आला, मग बंद केला."

"तसं नाही गं. त्याला जरा वेळ लागतो." लीलाताई भिंतीचा आधार घेत आली. "भैया, दो मिनट रुकिए."

तिने तारा तपासल्या आणि मला चालू केलं. काहीच झालं नाही. कबाडीवाल्याने तराजू उचलला. सूनबाईंचा हात बटणाकडे गेला, लीलाताईने तो धरला. मी आतून धडपडत होतो, मित्रांनो, पण काच तापल्याशिवाय मला बोलता येत नाही. मग मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसू लागला, आणि त्यामागून आलो मी, एक बारीक गुणगुण. सूनबाईंनी कुतूहलाने गिटार जोडायच्या मोकळ्या तारेच्या टोकाला बोट लावलं. मी इतक्या जोरात गुरगुरलो की त्या किंचाळल्या आणि मग पोट धरून हसत सुटल्या.

"अरे, ये तो ज़िंदा है!" कबाडीवाला म्हणाला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र असेल, एखादं जुनं माणूस असेल. विचारल्याबरोबर त्याच्याकडून उत्तर आलं नाही, तर ते संपलं असं समजू नका. बटण लगेच बंद करू नका. शेजारी थोडा वेळ बसा. आम्ही तापतो आहोत.