सोमवारचा कंट्रोल

आमच्या लॅबमध्ये माझा शब्द शेवटचा. सव्वीस वर्षं मी रोग्यांच्या शौचाचे नमुने तपासतेय. कुणी नाक मुरडलं तर सांगते, तुमचीही डबी कधीतरी माझ्याच टेबलावर येणार आहे. पण माझ्या कामात कुणी नाक खुपसलं की माझं डोकं फिरतं. हा स्वभाव चांगला नाही हे मला माहीत होतं. तो कुणाच्या जिवावर उठेल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्या गुरुवारी शंकोबा माझ्या टेबलाशी आले. हे दुसऱ्या लॅबमधून बदलून आलेले, माझ्याच वयाचे. ऊठसूट शंका काढतात म्हणून मीच ठेवलेलं हे नाव, आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. त्यांच्या हातात दोन बशा होत्या. जुलाबाच्या दोन रोग्यांच्या नमुन्यांतले साल्मोनेला जंतू त्यांत वाढवून वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल कडं उमटतं. या दोन्ही बशांत नेहमीच्या गोळीच्या चकतीभोवती कडं नव्हतं आणि नेहमीच्या इंजेक्शनच्या चकतीभोवतीही नव्हतं. जंतू अगदी चकतीला खेटून वाढले होते.

"चकत्या खराब झाल्यात," मी म्हणाले. "मंगळवारी चकत्यांचा फ्रिज बंद पडला होता, विसरलात?"

"तसंही असेल. पण जंतूच दाद देत नसला तर? कंट्रोल लावून बघू या का?"

कंट्रोल म्हणजे आमचा ओळखीचा, साधा जंतू. ही औषधं त्याच्यावर चालतातच. त्याच चकत्या त्याच्यावर ठेवायच्या. कडं नीट उमटलं तर चकत्या चांगल्या, नाहीतर खराब. एका दिवसाचं काम.

"कंट्रोल सोमवारी लागतो. आज गुरुवार आहे," मी म्हणाले. "तुमच्या प्रत्येक शंकेला कंट्रोल लावत बसले तर मला इथेच अंथरूण टाकावं लागेल."

सगळे हसले. शंकोबाही हसले. दोन्ही रिपोर्टांवर मी 'पुन्हा तपासणी चालू' असं लिहिलं आणि बशा बाजूला सारल्या.

शुक्रवारी सकाळी माझ्या आत्याला आमच्याच दवाखान्यात दाखल केलं. ताप, जुलाब, अंगात त्राण म्हणून नाही. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत मी वर वॉर्डात गेले तर ती तशातही शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होती, "ही आमची पोर. खाली लॅबमध्ये असते. हिच्या नजरेतून काही सुटत नाही. लहानपणी माझी साखरेची बरणी कुठेही लपवली तरी सुटायची नाही."

दुपारी तिच्या डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, जुलाबाचे पेशंट वाढलेत. औषधाला दाद न देणारं काही दिसलंय का तुमच्याकडे? नसेल तर आत्यांना नेहमीचंच इंजेक्शन चालू ठेवतो."

त्या दोन बशा माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या.

"नाही, तसं काही नाही," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही, मला खरंच तसं वाटत होतं. आजही मी स्वतःची हीच समजूत घालते, आणि त्यानं मला काडीचंही बरं वाटत नाही.

शनिवारी ताप उतरला नाही. रविवारीही नाही. "इंजेक्शनला जरा वेळ लागतो गं," असं मी तिला सांगत राहिले. सोमवारी ठरल्याप्रमाणे कंट्रोल लावला. आत्याच्या नमुन्यातला जंतूही तोवर वाढला होता, तोही त्याच चकत्यांखाली ठेवला.

मंगळवारी सकाळी दोन्ही बशा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. कंट्रोलच्या बशीत प्रत्येक चकतीभोवती स्वच्छ, मोजून घ्यावं असं कडं होतं. चकत्यांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. आत्याच्या बशीत नेहमीच्या दोन्ही औषधांभोवती कडं नव्हतं. शंकोबा मागे उभे होते. "सांगत होतो ना," असं ते म्हणाले असते तर मी निदान भांडले तरी असते. त्यांनी फक्त फोन उचलून माझ्या हातात दिला.

डॉक्टरांनी लगेच औषध बदललं. आधीच्या दोघांचे रिपोर्टही तेव्हाच गेले. त्यातला एक जण आपला आपणच बरा होऊन घरी गेला होता. दुसरीला नवं औषध मिळालं आणि ती वाचली. आत्याच्या मात्र रक्तात जंतू भिनला होता आणि मूत्रपिंडं थकली होती. चार दिवस आम्ही तिला पाणी टोचल्यासारखं ते इंजेक्शन दिलं होतं. गुरुवारी ती गेली.

त्याआधी, मंगळवारी संध्याकाळी ती शुद्धीवर होती. मी तिचा हात धरून बसले होते. या हातांनी ती कुणाचंही कापड कापण्याआधी त्याचा कोपरा पाण्यात भिजवून बघायची, रंग जातोय का म्हणून. गिऱ्हाईक दारात खोळंबलेलं असलं तरी बघायची. "उद्या भिजव की," मी वैतागून म्हणायची. "कापल्यावर भिजवून काय करू?" ती म्हणायची. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मी काय शिकले?

तिनं डोळे उघडले. "काय झालंय ते सापडलं का गं?"

"सापडलं."

"कुणाला? तुलाच ना?"

शेजारच्या खाटेवरच्या बाई ऐकत होत्या. शंकोबांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. गुरुवारचं सगळं सांगून टाकावं, तिच्या पायांवर डोकं ठेवावं, असं वाटत होतं. पण तिचे डोळे माझ्यावर खिळले होते.

"हो," मी म्हणाले.

आत्यानं मोठ्या कष्टानं मान वळवली आणि त्या बाईंना म्हणाली, "बघा. मी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"