परीने विचारलेलं

‘आजारी होतीस का?’ या परीच्या प्रश्नाला आईने ‘हो’ लिहिलं, खोडलं आणि पुन्हा ‘हो’च लिहिलं.

“पाठवून टाका,” ठाण्यात शेजारी बसलेल्या पोलीस अधिकारी बाई हळूच म्हणाल्या. “फार विचार केलात की मोठ्या माणसासारखं वाटतं.”

टॅबलेटवर बिट्टीचं गुलाबी घर दिसत होतं. घरं बांधायच्या त्या खेळात शेजारचं घर परीचं. परी दहा वर्षांची, हट्टी, मांजर पाळणारी. निदान बिट्टीला तरी तसंच ठाऊक होतं. अधिकारी बाईंनी जुने संदेश वाचून पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की हे मूल नव्हे, चांगला मोठा माणूस आहे. आधी त्याने मांजरीचे फोटो पाठवले. मग बिट्टीचा गणवेशातला मागितला. त्यापुढचं आईला वाचवलं नव्हतं. बाईंनी वाचलं होतं, आणि तेव्हापासून आईशी त्या खालच्या आवाजात बोलत होत्या.

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. शाळा सुटली की बिट्टी तिथेच यायची आणि मशीनमागच्या कोपऱ्यात टॅबलेट घेऊन बसायची. “काय गुणाची पोर आहे हो, हूं नाही की चूं नाही,” गिऱ्हाइकं म्हणायची. आईला बरं वाटायचं. एका संध्याकाळी टॅबलेट पिशवीत ठेवताना तिला पडद्यावर एक ओळ दिसली. ‘आईला दाखवायचं नाही हं.’

शाळेत वर्गाच्या बाईंनी सगळं शिकवलं होतं. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, पत्ता द्यायचा नाही, फोटो तर मुळीच नाही. त्या संध्याकाळीही बिट्टीने ते पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवलं.

“मग परीला फोटो कसे दिलेस?”

बिट्टी गोंधळली. “परी कुठे अनोळखी आहे? तिला माझं सगळं माहितीये.”

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. ताटात वाढलेलं खायची, शाळेत जायची, काही विचारलं तर मान हलवायची.

“ते फोटो परत मिळतील ना?” आईने विचारलं होतं.

“खोटं कशाला सांगू?” अधिकारी बाई म्हणाल्या होत्या. “एकदा गेलेले फोटो कुठे कुठे फिरतात, आम्हालाही कळत नाही. माणूस हाती लागतो का बघू. तुम्ही तिच्या नावानं त्याला बोलत ठेवा, आतली मंडळी माग काढतील.”

आईचा ‘हो’ गेला. उत्तर लगेच आलं.

‘अगं बाई! ताप होता? म्हणून इतके दिवस आली नाहीस?’

‘हो. खूप ताप होता,’ आईने लिहिलं.

‘आणि ते स्वप्न? अजून पडतं?’

आईने अधिकारी बाईंकडे पाहिलं. बाई हातातले कागद भराभर चाळू लागल्या.

“यात नाही. खेळात तो आवाज बदलून तिच्याशी बोलायचाही. ते बोलणं आपल्याकडे नाही,” त्या म्हणाल्या. “कसलं स्वप्न?”

आईला आठवेना. बिट्टी रोज तिच्याच कुशीत झोपायची. पडद्यापलीकडचा माणूस वाट पाहत होता.

‘पडतं. भुताचं,’ तिने लिहिलं.

बराच वेळ काही आलं नाही. मग एक ओळ उमटली.

‘काकू, बिट्टीला ओरडू नका हं.’

आणि शेजारचं घर नाहीसं झालं. तिथे नुसतं हिरवं गवत उरलं.

अधिकारी बाई धावतच आतल्या खोलीत गेल्या. परतल्या तेव्हा “माग तुटला,” एवढंच म्हणून त्यांनी पाण्याचा पेला आईपुढे सरकवला. आईने तो उचलला नाही.

बाहेरच्या बाकावर बिट्टी पाय लोंबकळवत बसली होती. आई तिच्याशेजारी टेकली. तिचे केस नीट करत राहिली. शेवटी म्हणाली,

“बिट्टी, तुला कसलं गं स्वप्न पडतं?”

बिट्टीने झटकन मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“परीनं विचारलं?”

दारात अधिकारी बाई उभ्या होत्या. आईने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

“हो,” ती म्हणाली.

“मग तिला सांगशील?”

आईने मान डोलावली. बिट्टी सरकून जवळ आली, तिने आईच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागली.