माईंच्या घरचं कार्य

पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. खाली पोरं पाण्यात धपाधप उड्या मारायची आणि वर बायका गायच्या. खिडक्यांच्या काचा आतून कायम घामेजलेल्या आणि क्लोरीनचा वास तर भिंतीतच मुरलेला. "इथे गाणाऱ्या बाईला सर्दी म्हणून होत नाही, जंतू दारातच बेशुद्ध पडतात," असं त्यांच्यातली पार्लरवाली म्हणायची. तिचं स्वतःचं नाक बारा महिने वाहत असायचं ही गोष्ट वेगळी.

बायकांचा हा गाण्याचा ग्रुप जिने सुरू केला, तिला सगळ्या मास्तरीण म्हणत. ती होती औषधांच्या दुकानात नोकरीला. पण लहानपणी गाणं नीट शिकलेली, कान तयार, आणि कुणाचा सूर घसरला की ती अशी बघायची की त्या बाईला वर्गात बाकावर उभं केल्यासारखं वाटायचं. लग्नानंतर गाणं बंद पडलं होतं. मग शेजारपाजारच्या चार-पाचजणींना धरून तिनं ही खोली मिळवली, एक जुना कीबोर्ड आणला, आणि बघता बघता तिथे खुर्च्या कमी पडायला लागल्या.

सासरे गेले तेव्हा तिच्या सासूनं, माईंनी, अंथरूण धरलं. खाणं नाही, बोलणं नाही, भिंतीकडे तोंड. माईंचा मुलगा, म्हणजे मास्तरणीचा नवरा, रस्त्यांची मोजणी करणाऱ्या कंपनीत, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. घरात या दोघीच. एका संध्याकाळी मास्तरणीनं त्यांना उठवलं, वेणी घातली आणि बसमध्ये बसवून तालमीला आणलं.

"मला कुठे गाता येतंय गं?" माई म्हणाल्या.

"गाऊ नका. नुसत्या बसा. घरी भिंत बघता, इथे आम्हाला बघा."

काही आठवडे माई नुसत्या बसल्या. मग एक दिवस वरच्या पट्टीतली एक ओळ कुणालाच पेलेना, तेव्हा मागून कुणीतरी ती अलगद उचलली. सगळ्या वळून बघायला लागल्या. माईंचा आवाज बारीक होता, पण स्वच्छ, धार लावल्यासारखा. त्या दिवसापासून त्या पुढच्या रांगेत आल्या. मास्तरणीनं त्यांच्या गळ्यासाठी म्हणून एक गाणं मुद्दाम बांधलं. एका नदीचं गाणं, तीन आवाजांत. सुरुवात माईंची एकटीची. मग दुसरा आवाज खालून येऊन मिळायचा, आणि शेवटी खर्जातल्या बायका. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. ग्रुपला लोक ओळखायला लागले ते याच गाण्यामुळे.

पुढे रस्ते मोजता मोजता मुलाची वाट बदलली. ऑफिसातलीच कुणी होती. मास्तरणीला कळायच्या आत अर्ध्या गावाला कळलं होतं. घटस्फोटासाठी कोर्टात जाताना पार्लरवाली दुकान बंद ठेवून दर तारखेला तिच्यासोबत आली. आणि माई? माई सगळ्या ग्रुपसमोर रडल्या. "तो मला मेला," म्हणाल्या. "मला लेक विचाराल तर ही."

मास्तरीण एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. माई अर्थातच आपल्या घरी राहिल्या, म्हणजे मुलाकडेच. पण तालमीला येत राहिल्या, त्याच जागी उभ्या राहत राहिल्या, आणि मास्तरीणही त्यांना 'आई'च म्हणत राहिली. लोकांना मोठं कौतुक. सासू-सून असावी तर अशी, तेही नातं तुटल्यावर!

वर्षाच्या सुरुवातीला पुढच्या कार्यक्रमांची बैठक असायची. अध्यक्ष होती दातांची डॉक्टर. पेशंटचं तोंड उघडं असतं तेव्हा बोलायची सवय, त्यामुळे ती कुणाच्या उत्तराची वाट न बघता बोलत सुटायची. त्या दिवशीही सुटली.

"उन्हाळ्यात स्पर्धा, ती पक्की. त्यानंतर वृद्धाश्रमात एक कार्यक्रम. रेकॉर्डिंगचं अजून बोलणं चाललंय. आणि या सगळ्याच्या आधी, पुढच्या महिन्यात, माईंच्या घरचं कार्य."

खालून शिट्टी ऐकू आली, पोहायला शिकवणाऱ्याची.

"आईंच्या घरी कसलं कार्य?" मास्तरणीनं विचारलं.

सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. दातांच्या डॉक्टरनं माईंकडे बघितलं. "माई, तुम्ही सांगितलं नाहीत? तुम्ही म्हणाला होतात, मी सांगते."

माई पदराशी चाळा करत होत्या. "सांगणारच होते गं. वेळच सापडेना. लग्न करतोय तो. तिच्याशीच. साधंच आहे, रजिस्टर, आणि मग बागेतल्या हॉलमध्ये जेवण."

ग्रुपचा रिवाज असा होता की कुणाच्याही घरी लग्न असलं की सगळ्यांनी जाऊन गायचं. पार्लरवालीच्या भाच्याच्या लग्नात गायल्या होत्या, डॉक्टरच्या मुलीच्या लग्नातही. रिवाज मास्तरणीनंच पाडलेला.

"आणि काय गायचं ठरलंय?"

"नदीचं," माई हळूच म्हणाल्या. "त्याला ते फार आवडतं."

मास्तरीण हसली. हसू कुठून आलं तिलाच कळलं नाही. "नवरा होता तेव्हा एका कार्यक्रमाला आला नाही कधी. आणि फार आवडतं?"

"हे बघ," डॉक्टर म्हणाली, "तुझ्यावर काही जबरदस्ती नाही. तू त्या दिवशी येऊ नकोस. आम्ही समजू शकतो."

"तुम्ही समजू शकता हे बघून बरं वाटलं. हात वर करा. कोण कोण जाणार आहे?"

"असं काय करतेस गं..." कुणीतरी म्हणालं.

"मला मोजायचे नाहीत, फक्त बघायचे आहेत."

पहिला हात डॉक्टरचा. मग दोन, मग चार. भिडेनं का होईना, हात वर जात होते. माईंशिवाय स्पर्धेत कोण विचारणार होतं यांना? माई रुसल्या असत्या तर उन्हाळ्याचं सगळं पाण्यात गेलं असतं. सगळ्यात शेवटी पार्लरवालीनं हात वर केला, तोही खांद्यापर्यंतच, बसमध्ये दांडा धरल्यासारखा.

मास्तरणीनं तिच्याकडे बघितलं. पार्लरवालीनं नाक पुसलं.

बाहेर पडल्यावर ती धावत मागे आली. "रागावलीस? अगं, नवरीचा मेकअप माझ्याकडेच दिलाय माईंनी. नाही कशी म्हणू?"

"म्हणजे हेही आधीपासून ठरलेलं."

"तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही."

"छान. म्हणजे तेवढी काळजी घेतलीस," मास्तरीण म्हणाली आणि चालायला लागली.

कुणालाही वाटलं असतं की ती आता तोंड दाखवणार नाही. पण पुढच्या तालमीला ती सगळ्यांच्या आधी येऊन कीबोर्डसमोर बसली होती. "गाणं माझं आहे," ती म्हणाली. "गायचं तर नीट गायचं. तिथे जाऊन बेसूर गायलात तर लोक नाव मला ठेवतील. उभ्या राहा."

बायकांचा जीव भांड्यात पडला. केवढं मोठं मन, असं त्या एकमेकींत म्हणाल्या. मन मोठं नव्हतं. ती त्या गाण्याला दुसऱ्या कुणाच्या हाती सोडू शकत नव्हती, आणि आणखीही एक कारण होतं, ते लवकरच दिसलं.

माईंनी सुरुवातीची ओळ घेतली.

"पुन्हा," मास्तरीण म्हणाली.

माईंनी पुन्हा घेतली.

"वरचा सूर लागत नाहीये. पुन्हा."

सूर लागत होता. सगळ्यांना ऐकू येत होतं की लागत होता. पण ती 'पुन्हा' म्हणत गेली, न चिडता, आवाज न चढवता, जणू एखाद्या पेशंटला गोळी कशी घ्यायची ते समजावतेय. माई घेत गेल्या. हळूहळू सूर खरोखरच ढळायला लागला. मग एका वेळी गळा चिरकला आणि मागच्या रांगेतली एक पोरगी चुकून हसली. माई लालबुंद झाल्या.

"हं. आता कळलं कुठे चुकतंय?" मास्तरीण म्हणाली. त्या क्षणी तिला इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

मधल्या सुट्टीत माई जिन्याजवळच्या बाकावर बसून रडत होत्या. मास्तरीण पाणी भरायला तिथूनच गेली.

"मला मारून टाक एकदाची," माई म्हणाल्या. "असं सगळ्यांसमोर कशाला सोलतेस?"

"तुम्ही म्हणालात, तो मला मेला."

"रागाच्या भरात म्हणाले. आईच्या तोंडचं असलं खरं असतं का कधी?" त्यांनी डोळे पुसले. "मी म्हातारी झाले गं. उद्या अंथरुणाला खिळले तर बघणार कोण? तू? तुझी तर स्वतःचीच एक खोली. मुलगा कसाही असला तरी मुलगाच. सून ती मुलाची बायको आहे तोवर."

"हे आधी सांगितलं असतं तर मी वेणी घालायला वेळ घालवला नसता."

मास्तरीण पाण्याची बाटली भरून वर गेली. बोलून टाकलं याचं समाधान वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. म्हातारी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरं बोलली होती.

उरलेल्या तालमी तिनं नीट घेतल्या. गाणं पुन्हा उभं राहिलं, पूर्वीपेक्षा चांगलं.

लग्नाच्या दिवशी तिनं दुकानात दुप्पट पाळी मागून घेतली. दुपारी फोन वाजला. पार्लरवाली. उचलला तर बोलणं नाहीच. दूरवर टाळ्या, भांड्यांचे आवाज, आणि मग माईंचा आवाज, एकटा, स्वच्छ. तिलाही ऐकता यावं म्हणून त्या भाबड्या बाईनं फोन वर धरला होता. दुसरा आवाज यायच्या आत मास्तरणीनं फोन बंद केला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं. ते त्यानं मागितलेलं नव्हतं. त्याला मलम हवं होतं.

पुढच्या तालमीला माई उशिरा आल्या. सोबत एक तरुण बाई होती, साध्या कपड्यांत, ओशाळलेली. खोलीतल्या सगळ्यांना ती माहीत होती. तिच्याच लग्नात तर आत्ता सगळ्या गाऊन आल्या होत्या.

"एकटीच असते दिवसभर," माई म्हणाल्या. "तो बाहेरगावी. मी म्हटलं, चल, नुसती बस. पण गळा चांगला आहे हिचा. बघतेस का जरा?"

कुणीतरी खुर्ची सरकवली. डॉक्टरला एकाएकी फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मास्तरणीला वाटलं, कुणीतरी एक जण, एकच, म्हणेल की माई, हे अति होतंय. पार्लरवाली सुद्धा पुरे झाली असती. पार्लरवाली नाक शिंकरत होती.

"मी नंतर येते हवं तर," ती तरुण बाई म्हणाली. "मी यांना म्हटलं होतं, नको म्हणून."

"आलीस ना? मग गा," मास्तरणीनं कीबोर्डवर सूर दिला.

ती गायली. आधी घाबरत, मग डोळे मिटून. आवाज भरलेला होता, खाली मऊ आणि वर मोकळा. खोटं बोलायला मास्तरणीला एक क्षण पुरला असता. पट्टी जमत नाही, श्वास कमी पडतो, काहीही. आयुष्यात तिनं बाकी काय काय गमावलं होतं, पण कान शाबूत होता, आणि त्याच्याशी खोटं बोलणं तिला जमेना.

"सूर चांगला आहे," ती म्हणाली. "मधल्या रांगेत उभी राहा."

त्या दिवशीची तालीम तिनं पूर्ण घेतली. मग डॉक्टरला सांगितलं की आता दुसरं कुणी बघा. डॉक्टर म्हणाली, असं स्पर्धेच्या तोंडावर? म्हणाली, वैयक्तिक गोष्टी गाण्यात आणू नयेत. दोन-चारजणी तिच्या खोलीवर येऊन समजूत घालून गेल्या. जाताना त्यांनी नदीच्या गाण्याचे तिन्ही आवाज लिहून मागितले. तिनं दिले.

ग्रुप चालू राहिला. कुणा कॉलेजातल्या मुलाला शिकवायला ठेवलं. स्पर्धेत त्यांना तिसरा क्रमांक मिळाला म्हणे. मास्तरणीनं संध्याकाळची पाळी कायमची घेतली, म्हणजे तालमीची वेळ रिकामी राहायला नको.

पावसाळा संपता संपता माई दुकानात आल्या. गळ्याला मफलर, आवाज बसलेला.

"काहीतरी दे गं घशासाठी. तीन दिवस झाले, शब्द फुटत नाही."

मास्तरणीनं गोळ्या काढल्या. माई काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. गोळ्यांसाठीच आल्या नव्हत्या.

"तुला कळलं का? नदीची सुरुवात आता ती करते, नवी सून. तो कॉलेजातला मुलगा म्हणाला, माई, तुमचा आवाज थकलाय, तुम्ही मागच्या रांगेत या. आणि सगळ्या गप्प. एकीनं तोंड उघडलं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली बघ." माईंचे डोळे भरले. "तू असतीस तर असं झालं नसतं."

"नसतं झालं," मास्तरीण म्हणाली.

माई थांबल्या. आणखी काहीतरी येईल म्हणून त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मास्तरणीनं आत शोधून बघितलं. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण एवढासा, आणि लगेच विझला. मागे उरलं ते काहीच नव्हतं. दयाही नाही.

"गरम पाणी पीत जा, आई. बोलू नका फार."

मागे एक माणूस तापलेल्या पोराला खांद्यावर घेऊन खोळंबला होता. माईंनी गोळ्यांची पुडी मुठीत धरली आणि बाजूला झाल्या. मास्तरणीनं पोराच्या कपाळाला हात लावून बघितला आणि वजन किती आहे ते विचारलं.