हेलनबाईंच्या खळ्यावर

१९९७ साली, गणपती जाऊन पंधरा दिवस झाले होते, तेव्हा मी माझ्या एकुलत्या एका लेकीशी फोनवर खोटं बोलले.

"आई, सातवा लागला," हेमांगी साताऱ्याहून म्हणाली. "बाबा न्यायला कधी येतायत?"

"अगं, इकडे पाण्याचे फार हाल आहेत," मी म्हटलं. "तीन दिवसांनी टँकर येतो, तेव्हाही खाली भांडाभांडी. त्यात बाळंतीण, बाळाचे लंगोट. कसं निभायचं?"

"सगळ्या विरारमधली बाळंतपणं थांबलीत का?"

तिकडे रिसीव्हर दुसऱ्या हातात गेला. विहीणबाई होत्या. "तुम्ही अजिबात काळजी करू नका हो. आमच्या नळाला दोन्ही वेळ पाणी असतं."

पाण्याचं खरंच होतं. आम्ही गिरगावातली खोली सोडून बोळिंजला फ्लॅट घेतला, त्याला तीन वर्षं झाली होती आणि टँकरचा भोंगा वाजला की बायका हातातली पोळी टाकून धावायच्या. पण म्हणून कुणी लेकीचं पहिलं बाळंतपण टाळत नाही. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. तीस वर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडले. खोटं बोलणारा माणूस नेहमीपेक्षा थोडा मोठ्यानं बोलतो, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी मोठ्यानं बोलत होते.

खरं कारण असं, की मला लघवी धरवत नव्हती.

हेमांगीच्या वेळी डॉक्टरांनी चिमटा लावून मूल काढलं, तिथून हे सुरू झालं. आधी थोडं होतं. शिंक आली की, बादली उचलली की. टेलिफोनच्या बोर्डावरून उठायचं तर बदलीची मुलगी यावी लागे, म्हणून मी दिवसदिवस पाणीच प्यायचे नाही. पन्नाशीनंतर मात्र हसले तरी व्हायला लागलं. मग मी हसणं सोडलं. हळदीकुंकवाला जाणं सोडलं, कारण तिथं दुसऱ्याच्या गादीवर बसावं लागतं. नवऱ्याला, दिनानाथांना, म्हटलं, "तुम्ही फार घोरता, बाहेरच्या खोलीत झोपा." त्यांनी काही न विचारता खाट बाहेर नेली. डॉक्टरकडे जायचं, तर त्यांना काय सांगायचं? आणि सांगायला शब्द कुठला वापरायचा?

हेमांगी येणार म्हणून जून महिन्यातच मी बाळासाठी रबरी कापड आणून ठेवलं होतं, लाल रंगाचं. ते माझ्याच गादीवर आलं. लेक तीन महिने एका खोलीत माझ्याशेजारी झोपणार, तिला वास येणार, तिच्या सासरची माणसं बाळ बघायला येणार. मला ते झेपण्यासारखं नव्हतं.

डिसेंबरात तिला मुलगा झाला. बारशालाही मी गेले नाही. रजा मिळत नाही म्हटलं. साताऱ्याची एसटी सात तास घेते.

"राहू दे, आई," हेमांगी म्हणाली. चिडलीही नाही. "आता नाही बोलावणार मी तुला."

आणि खरंच, जानेवारी अर्धा सरला तरी तिचा फोन आला नाही. मी केला की विहीणबाई घ्यायच्या आणि ती झोपली आहे म्हणून सांगायच्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर शकू राहायची. सगळ्यांच्या घरात शिरणारी, मनाची चांगली. ती एका सकाळी दारात उभी राहिली.

"आशाताई, चला. तुमची दुपारची ड्यूटी आहे ना? मागच्या वाडीतली ख्रिश्चन बाई योगा शिकवते. फुकटात."

"मला काही झालेलं नाही."

"तेच म्हणते मी. एवढं तोंड पाडून बसायला झालंय काय?"

नको म्हणायला कारण सुचेना, म्हणून गेले. जाताना पिशवीत रबरी कापड घेतलं, त्यावर चादर.

हेलनबाई मुंबईच्या इस्पितळात तीस वर्षं नर्स होत्या. तिथल्या एका डॉक्टरांमुळे योगासनांचा नाद लागला. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त होऊन त्या भावाच्या वाडीत राहायला आल्या होत्या. भाताची झोडणी झाली होती, आणि खळं तसंच राहिलं होतं. चोपून सपाट केलेली, शेणानं सारवलेली गोल जमीन. एका बाजूला पेंढ्याची उडवी, पलीकडे केळी, कोपऱ्यात चुना लावलेला लहानसा क्रूस. आम्ही दहा-बारा बायका उन्हात त्या खळ्यावर बसायचो.

"पाठ सरळ. डोळे मिटा," हेलनबाई म्हणायच्या. मुंबईत जन्म गेला तरी बोलणं घरचंच राहिलं होतं. "आज मूलाधार. मूलाधार म्हंजे काय? बूड. पुस्तकात काही का लिहिलेलं असेना, आपल्याला बूड कळतं. भीती बसते ती तिथंच बसते. मानूस घाबरला की पहिलं काय आवळतो?"

बायका खुसखुसल्या.

"हसा, हसा. आमच्या फादरनी पन विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, फादर, देवानं दिलेलं आहे, त्याच्यावर बसते फक्त."

मी हसले नाही. दात दाबून बसले होते.

"आता तिथं लाल रंगाचं कमळ आना. चार पाकळ्यांचं. श्वास घेताना आत ओढा, सोडताना सैल सोडा. ओढनं सगळ्यांना येतं. सोडनं शिकायचं."

लाल म्हटल्यावर मला कमळ काही दिसेना. बोर्डावरचा लाल दिवा दिसायचा, कुणाचा तरी कॉल थांबलेला असल्यासारखा. पुढे एकदा त्यांना ते सांगितलं, तर म्हणाल्या, "दिवा तर दिवा. बघत राहा."

तिसऱ्या दिवशी त्या एकेकीची पाठ सरळ करत माझ्यामागे आल्या. पाय चादरीवर पडला आणि खालचं रबर कुरकुरलं. त्या तशाच पुढच्या बाईकडे गेल्या. सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, "थांबा जरा." चादरीचं टोक त्यांनीच उचललं.

"नातवासाठी घेतलं होतं," मी म्हणाले.

"मग नातवाला द्या. तुम्ही का घेऊन फिरता?"

मी चादरीचं टोक पुन्हा खाली ओढलं.

"तीस वर्षं मी हे खाटांवर घातलंय," त्या म्हणाल्या. "कधीपासून होतंय?"

"सव्वीस वर्षं झाली."

"कोनाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

त्यांनी रबरी कापडाची घडी केली आणि माझ्या पिशवीत ठेवली. "उद्यापासून खाली बसायचं. नुसत्या जमिनीवर."

"ओलं झालं तर?"

"शेनानं सारवलंय, बाई. रात्री गाय इथंच बांधतो. ती काय विचारून मुतते?"

दुसऱ्या दिवशी मी नुसत्या जमिनीवर बसले. चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी सोडायला सांगितल्यावर मी सोडलं, आणि झालं. गार जमिनीवर ऊब पसरली. वर्ग सुटला, बायका पदर झटकत उठल्या. शकू म्हणाली, "चला ना, आशाताई." मी म्हटलं, "तू हो पुढे, माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

वाडी रिकामी झाल्यावर हेलनबाई म्हणाल्या, "उठा."

मी उठले. सारवलेल्या जमिनीवर भाकरीएवढा काळा डाग होता. मला वाटलं, त्या आता त्यावर माती टाकतील, किंवा धीर देतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. नुसत्या उभ्या राहून बघत होत्या, म्हणून मीही बघितलं. सव्वीस वर्षांत मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. होताच लपवत आले होते. उन्हानं डागाच्या कडा हळूहळू फिकट होत आत सरकल्या.

"रोज एक वाक्य मनात म्हनायचं," हेलनबाई म्हणाल्या. "हे माझं अंग आहे, हे असंच आहे, आनि मी इथं बसलेली आहे."

"म्हणून काय होईल?"

"मला काय माहीत? म्हनून बघा."

मी म्हणायला लागले. आधी "नंबर प्लीज" म्हणावं तसं, दिवसातून शंभर वेळा, काही अर्थ मनात न येता. एखाद्या दिवशी मात्र ते वाक्य लागायचं. कोणीतरी मला नाव न विचारता बसायला जागा दिल्यासारखं वाटायचं. असं क्वचित. पावसाळ्यात आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. आवळण्या-सोडण्यानं मला बराच फरक पडला, पण पूर्ण बरं झालं नाही, हेही सांगायला हवं. मी पाणी प्यायला लागले. एकदा शकूनं टँकरवाल्याची नक्कल केली तेव्हा जिन्यात उभी राहून हसले. मग घरी जाऊन लुगडं बदललं.

नवरात्र संपल्यावर मी साताऱ्याला जायचं ठरवलं. बोलावणं नव्हतंच. आदल्या संध्याकाळी दिनानाथांना सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही घोरत नाही."

ते पेपर वाचत होते. "मला माहीत आहे," म्हणाले. थोड्या वेळानं उठून त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली भरून ठेवली. खाट मात्र बाहेरच राहिली. दोघांनाही तशी सवय होऊन गेली होती.

एसटी पुण्याला स्वारगेटवर थांबली, तेव्हा मी उतरून लघवीला जाऊन आले होते. तरी खंबाटकीचा घाट लागायच्या आत पुन्हा जायची वेळ आली. पूर्वीची मी असते तर नातवाच्या अंगड्या-टोपड्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले असते. मी उठून कंडक्टरपाशी गेले.

"गाडी थांबवा."

"स्टॉप नाही इथं, मावशी."

"मला लघवीला जायचंय."

गाडीतली बोलणी थांबली. मागून कुणीतरी हसलं.

"स्वारगेटला वीस मिनिटं गाडी उभी होती की."

"गेले होते. मला धरवत नाही. तुम्ही थांबवली नाहीत तर इथंच होईल."

त्यानं घंटी मारली. मी उतरून करवंदीच्या जाळीमागे गेले. परत वळले तर गाडीतून आणखी तिघी उतरून येत होत्या. त्यातली एक, नऊवारीतली म्हातारी, मला ओलांडून जाताना म्हणाली, "लई बरं झालं, बाई. मी पुन्यापासनं दात आवळून बसलीया."

साताऱ्याला दार हेमांगीनंच उघडलं. "तू?" म्हणाली, आणि बाजूला झाली. मुलाचं नाव संकेत ठेवलं होतं. दहा महिन्यांचा, गुटगुटीत. मी हात पुढे केले, तर त्यानं माझ्याकडे बघितलं आणि जोरात रडायला लागला.

"नव्या माणसाला रडतो हो तो," विहीणबाई म्हणाल्या आणि त्याला उचललं. त्यांच्या खांद्यावर गेल्याबरोबर तो गप्प झाला.

दुपारी स्वयंपाकघरात मी हेमांगीला सांगितलं. जसं होतं तसं, शब्द न चोरता. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"टाके घातले होते मला. पलंगावरून दार दिसायचं. रोज वाटायचं, आज तरी आई येईल." तिनं परात पुढे ढकलली. "मला वाटलं, माझं करायचा तुला कंटाळा आला. सांगितलं असतंस तर बाळाच्या लंगोटांबरोबर तुझंही धुतलं असतं मी."

ती रागानं बोलली. नंतर रडली, पण पाठ करून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, जवळही आली नाही. मी चार दिवस राहिले. निघताना तिनं डब्यात दशम्या दिल्या आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

आता हे सगळं होऊन किती वर्षं लोटली. दिनानाथ २००३ साली हृदयविकारानं गेले, बाहेरच्या खोलीत, झोपेतच. मला सकाळी कळलं. हेलनबाईंच्या भावानं वाडी बिल्डरला दिली, तेव्हा त्या जवळच्याच नंदाखाल गावी भाच्याकडे राहायला गेल्या. २००७ मध्ये त्या वारल्या. मी चर्चमध्ये त्यांच्या मिसाला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, गेले होते. शेवटच्या बाकावर बसले, मध्ये एकदा उठून बाहेर जाऊन आले, परत येऊन बसले. शकू मुलाबरोबर नालासोपाऱ्याला गेली. तिचे गुडघे गेले आहेत, पण फोनवर अजून नकला करते. मी रोज सकाळी अर्धा तास फरशीवर बसते. आता भिंतीला धरून उठावं लागतं. हेमांगी दर रविवारी फोन करते आणि आम्ही दहा मिनिटं बोलतो. चांगलं बोलतो.

संकेत माझ्याकडे एकदाच राहायला आला. २००९ च्या मे महिन्यात, अकरा वर्षांचा असताना, तीन दिवस. शहाणा मुलगा. ताट स्वतः उचलायचा, चपला जोडून ठेवायचा. पहिल्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आजी, मी फ्रीज उघडू का?"

"अरे, विचारतोस काय? तुझंच घर आहे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, पाण्याची बाटली घेतली, दार हळूच लावलं. संध्याकाळी तो पुन्हा तिथं येऊन उभा राहिला आणि त्यानं पुन्हा विचारलं.